न मोजलेला ऑक्सिजन

समजा, वाईतल्या एका जुन्या वाड्याची भिंत दुरुस्तीला काढली आहे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटा आणि वर चुन्याचाच गिलावा. गिलाव्याचा सुटलेला एक खपला प्रयोगशाळेत पाठवला होता. तिथून एका पानाचा अहवाल आला आहे: कॅल्शियम ऑक्साइड, सिलिकॉन डायऑक्साइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड, आयर्न ऑक्साइड, मॅग्नेशियम ऑक्साइड, खाली आणखी काही ओळी, प्रत्येकासमोर टक्के, आणि तळाशी ‘तापवल्यावरची घट’. तो कागद घेऊन दोघं भिंतीपाशी बसली आहेत. मामांचं सगळं आयुष्य चुन्याच्या कामात गेलं. भाची चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे आणि असे कागद तिच्या हातून रोज तयार होतात. दोघंही मी कल्पिलेली आहेत. त्यांचा वाद मात्र मला अगदी खरा वाटतो. आपल्या खिडकीची काच, स्वयंपाकघरातली फरशी, चिनी मातीची कपबशी, स्लॅब, भिंत या सगळ्यांची शास्त्रीय ओळख अशाच ऑक्साइडांच्या यादीने करून दिली जाते, आणि ती यादी कशी वाचायची हे आपल्याला कोणी सांगत नाही.

मामा: हा कागद ठेव तुझ्याकडे. यात माझा चुना कुठे आहे?

भाची: पहिलीच ओळ आहे, मामा. कॅल्शियम ऑक्साइड.

मामा: कॅल्शियम ऑक्साइड म्हणजे चुनकळी. भट्टीतून निघते ती. पाणी पडलं की खदखदते, अंगाला लागली की भाजते. या भिंतीत चुनकळी राहिली असती तर पहिल्याच पावसाळ्यात गिलावा फुगून फुटला असता. भिंतीत जिचा एक खडाही नाही, ती कागदावर सगळ्यांच्या वर कशी?

भाची: भिंतीत चुनकळी नाही हे खरंच आहे. भिंतीत आहे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे तुम्ही भट्टीत घातली होती तीच चुनखडी पुन्हा झालेली. पण अहवालाची रीत अशी की प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या ऑक्साइडच्या रूपात लिहायचं. 100 ग्रॅम शुद्ध चुनखडी घ्या. 900 अंशांच्या आसपास तापवली की 44 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 ग्रॅम चुनकळी उरते. ते 56 पहिल्या ओळीत जातात आणि ते 44 सगळ्यात खाली, ‘तापवल्यावरची घट’ या ओळीत. दोन्ही ओळी मिळून तुमचा चुना होतो. सगळे पहिली ओळ वाचतात आणि शेवटची सोडून देतात.

मामा: म्हणजे एकच वस्तू तोडून दोन ठिकाणी लिहिली.

भाची: हो. आणि आणखी एक सांगते, जे आमच्याकडे पाहुणे आले की सांगायचं राहूनच जातं. आमचं क्ष-किरणांचं यंत्र कॅल्शियम मोजतं, सिलिकॉन मोजतं, लोखंड मोजतं. ऑक्सिजन ते मोजत नाही. एका कॅल्शियमला एक ऑक्सिजन, एका सिलिकॉनला दोन, दोन लोखंडांना तीन, असा तो हिशेबाने जोडून देतो आम्ही.

मामा: काय सांगतेस! कागदभर ऑक्साइड लिहायचे आणि ऑक्साइडातला ऑक्सिजन मोजायचाच नाही?

भाची: पृथ्वीच्या कवचाचा वजनाने जवळजवळ 46 टक्के भाग ऑक्सिजन आहे. दगड, माती, वीट, काच, सगळीकडे तोच भरलेला. तो आहेच असं धरून चालायचं.

मामा: रेशनकार्डावर घरात माणसं किती ते कळतं, कोण कोणाशी बोलतं ते कळत नाही. तुझा कागद तसा आहे.

मामांच्या या बोलण्यात राग आहे, पण त्यांची तक्रार रास्त आहे. कुंभाराच्या आव्यातलं लाल मडकं आणि काळं मडकं घ्या. माती एकच असू शकते. हवा खेळती राहिली तर मातीतलं लोखंड पुरता ऑक्सिजन घेतं आणि मडकं लाल होतं. आवा कोंडला तर लोखंडाला ऑक्सिजन अपुरा पडतो, धूर मातीत मुरतो आणि मडकं काळं निघतं. अहवाल मात्र दोन्ही मडक्यांतलं लोखंड एकाच लाल ऑक्साइडच्या नावाने लिहील. शिशाचंही तसंच आहे. पिवळट मुर्दाडशिंग आणि मारुतीला लावतात तो अस्सल शेंदूर, दोन्ही शिशाचे ऑक्साइड, दोन्ही विषारी. फरक आहे तो ऑक्सिजनच्या प्रमाणाचा आणि भट्टीच्या आचेचा. जो घटक आपण गृहीत धरला, रंग नेमका त्याच्यावर ठरला.

भाची: ही रीत आली कुठून तेही ऐका ना. यंत्रं नव्हती तेव्हा दगड आम्लात विरघळवायचे, एकेक घटक साका करून खाली बसवायचे, तो साका भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे आणि वजन करायचे. तापवल्यावर हातात उरायचा तो ऑक्साइडच. तेव्हा ऑक्साइड ही खरोखर तराजूत ठेवलेली वस्तू होती. यंत्रं आली, लिहिण्याची पद्धत तीच राहिली. आणि त्याच्याही आधी तर लोक चुन्यालाच मूलद्रव्य समजत होते! फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने 1789 साली मूलद्रव्यांची यादी केली, तिच्यात चुना आहे, मॅग्नेशिया आहे, सिलिकासुद्धा आहे. ही धातूंची ऑक्साइडं निघतील असा त्याला संशय होता. पण चुन्यातून ऑक्सिजन ओढून काढेल असं काही त्याच्याकडे नव्हतं. 1808 मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने विजेच्या जोरावर कॅल्शियम वेगळं केलं, तेव्हा चुना यादीतून बाहेर पडला.

मामा: लव्हाझिएने यादीत घातला होता ते मला पटतं. आगीत घालून पुढे काही होत नाही असा पदार्थ, त्याला मूळ म्हणणार नाही तर काय म्हणणार? पण मला हे सांग, या कागदावरून मी भिंत दुरुस्त करू शकतो का?

भाची: एकट्या कागदावरून नाही. पण त्याने जे दिसतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. इथून पसरणी घाट चढून पाचगणीला जा. वाटभर काळा दगड, आणि वर टेबललँडला पोचलात की एकदम तांबडा जांभा. दिसायला दोघांचा काही संबंध नाही. ऑक्साइडांची यादी शेजारी शेजारी मांडा. काळ्या दगडात जवळपास निम्मी सिलिका, त्याखालोखाल ॲल्युमिनियम आणि लोखंड, मग कॅल्शियम, मॅग्नेशियम. जांभ्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळजवळ संपलेले, सिलिका पुष्कळ घटलेली, आणि उरलंय ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. म्हणजे लाखो वर्षं पाऊस काळ्या दगडाला धूत राहिला. जे विरघळलं ते नदीवाटे गेलं आणि जे विरघळेना ते वर राहिलं, ते हे तांबडं. काळ्या दगडातूनच जांभा झाला, हे तुम्हाला त्या दोन याद्यांतून वाचता येतं. कोल्हापूर-रत्नागिरीकडचं बॉक्साइट, ज्यातून ॲल्युमिनियम निघतं, तेही याच धुण्याने तयार झालं.

मामा: हे मात्र मला ठाऊक नव्हतं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेवर राहिला की कडक होतो, एवढंच आम्ही जाणतो. आणि त्याच्याबरोबरची तांबडी माती म्हणजे काव. कोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर कावीचं काम असायचं. चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर कावेचा थर द्यायचा आणि ओला आहे तोवर खरवडून खालची पांढरी नक्षी उघडी करायची. तांबड्यावर पांढरी वेलबुट्टी.

भाची: त्यातला तांबडा रंग तेच लोखंडाचं ऑक्साइड. त्याला आता आणखी ऑक्सिजन घ्यायचा नाही, ऊन त्याला उडवू शकत नाही, म्हणून तो टिकतो. आणि वरच्या थरातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्या रंगाभोवती दगड होतो.

मामा: आता माझी पाळी. वाळूत काय आहे? सिलिका. सुर्खीत, म्हणजे भाजलेल्या विटेच्या भुकटीत, काय आहे?

भाची: मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना. लोखंड थोडं.

मामा: एका घमेल्यात चुना आणि वाळू कालव, दुसऱ्यात चुना आणि सुर्खी. दोन्ही पाण्यात बुडवून ठेव. वाळूचा विस्कटून जाईल. सुर्खीचा पाण्याखाली दगड होईल. हौद, विहिरी, कारंज्यांचे नळ आमच्या लोकांनी सुर्खीत बांधले ते याचसाठी. तुझ्या कागदावर दोन्हीकडे सिलिका. मग?

भाची: मग कागद अपुरा पडतो, मान्य. पण का पडतो ते मी सांगू शकते. वाळूतली सिलिका स्फटिकाच्या शिस्तीत घट्ट बांधलेली आहे. चुना तिला काही करू शकत नाही. मातीची वीट 600 ते 800 अंशांच्या दरम्यान भाजली की मातीची जुनी रचना मोडते आणि नवी अजून बसलेली नसते. अशी विस्कटलेली सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी पाण्यातच जुळते, हवेची वाट बघत नाही. त्यापेक्षा जास्त भाजली तर नवे स्फटिक धरतात आणि वीट पुन्हा मुकी होते.

मामा: म्हणून जळकी वीट सुर्खीला चालत नाही. काळी, काचेसारखी चकाकणारी वीट कितीही कुटा, उपयोग नाही. थोडी कच्चट, नारिंगी, नखाने खरवडता येईल अशी लागते. आम्ही ती वाजवून घेतो. खणखणीत वाजली तर बाजूला.

भाची: आणि सुर्खीच्या चुन्यात जो चिकटा तयार होतो, कॅल्शियम, सिलिका आणि पाण्याचा, तोच सिमेंटमध्येही तयार होतो. आमच्या भट्टीत चुनखडी आणि माती 1450 अंशांपर्यंत नेतात, तिथे चुना आणि सिलिका आधीच एकमेकांत जातात. आमच्यात त्या संयुगाला ‘सी-थ्री-एस’ म्हणतात. यातला ‘सी’ कार्बन नव्हे, कॅल्शियम ऑक्साइड. ‘एस’ गंधक नव्हे, सिलिका. बघा, आमची बोलीसुद्धा ऑक्साइडांची. सिमेंटच्या अहवालात कॅल्शियम ऑक्साइड 63 टक्क्यांच्या आसपास निघतं, पण मोकळी चुनकळी त्यात नावापुरती असावी लागते. जास्त राहिली तर बांधकाम झाल्यावर सावकाश विरते, फुगते आणि तडे पाडते.

मामा: अगं, हेच आमच्याकडे! भट्टीत जास्त जळलेली कळी लवकर विरत नाही. म्हणून चुना विरवून चाळायचा आणि हौदात पाण्याखाली मुरत ठेवायचा. घाई केली की गिलाव्यावर महिन्यांनी फोड येतात आणि प्रत्येक फोडाच्या तळाशी एक पांढरा कण सापडतो.

भाची: मॅग्नेशियमही तसंच वागतं. मानकात मॅग्नेशियम ऑक्साइडला 6 टक्क्यांची मर्यादा आहे. पण ते किती आहे यापेक्षा कोणत्या रूपात आहे यावर धोका ठरतो, आणि रूप तर त्या आकड्यात नसतं. म्हणून आम्हीही आकड्यावर थांबत नाही. सिमेंटची कांडी पाडतो, दाबाच्या वाफेत शिजवतो आणि लांबी मोजतो. 0.8 टक्क्यांहून जास्त वाढली तर माल नापास.

इथे दोघांमधलं अंतर बरंच कमी झालेलं दिसतं, आणि मला वाटतं, ते कमी झालं कारण भाचीने आपल्या कागदाची मर्यादा लपवली नाही आणि मामांनी आपल्या हाताचं कारण ऐकून घेतलं. आपल्याकडे जुनं ज्ञान म्हटलं की एक तर डोक्यावर घेतात, नाही तर मोडीत काढतात. वीट वाजवून का घ्यायची हे विचारणारे आणि सांगणारे दोघेही विरळ. गुळाचंच बघा. चुन्याच्या घाणीत गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालत असत, हे आपण कौतुकाने सांगतो. पण साखरेच्या पाण्यात चुना साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त विरघळतो, आणि तीच साखर थोडीशी जरी सिमेंटमध्ये गेली तर ते वेळेवर धरतच नाही, हे शेजारी शेजारी ठेवून कोणी शिकवत नाही. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारून ती दुधाळ झालेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. समोरची पांढरी भिंत हाच प्रयोग वर्षानुवर्षं करते आहे, हे त्या तासाला सांगितलं असतं तर रसायनशास्त्र किती मुलांच्या घरात शिरलं असतं!

भाची: मग गिलावा सुटलेला हा पट्टा सिमेंटने का भरू देत नाही तुम्ही? शेवटी तोच चिकटा, तेच ऑक्साइड, आणि ताकद कितीतरी जास्त.

मामा: ताकद कोणाला पाहिजे इथे? मागची वीट मऊ आहे, चुना मऊ आहे. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्यातून बाहेर पडते. वरून सिमेंटचा गिलावा केला की ओल अडते, मागे मीठ साठतं, लोणा लागतो. चार-सहा पावसाळ्यांनी सिमेंट जसंच्या तसं, आणि त्याच्यामागे विटेचा भुगा. मी असे गिलावे उकरले आहेत. तुझ्या सिमेंटवर माझा राग नाही, ते त्याच्या जागी चांगलं आहे. ही जागा त्याची नाही.

भाची: हे मी नाकारत नाही. उलट त्यातली एक गंमत मला नेहमी अस्वस्थ करते. हवेतला कार्बन डायऑक्साइड तुमच्या भिंतीत शिरला की भिंत पक्की होते. आमच्या स्लॅबमध्ये शिरला की स्लॅब धोक्यात येतो. ताजं काँक्रीट इतकं अल्कधर्मी असतं की आतल्या सळईवर ऑक्साइडचा एक अगदी पातळ, घट्ट पापुद्रा बसतो आणि तोच तिला राखतो. कार्बन डायऑक्साइडने तो अल्क संपवला की पापुद्रा जातो, मग खरा गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. मुंबईतल्या जुन्या इमारतींत छताचे पोपडे पडून सळया उघड्या दिसतात, त्यात समुद्राच्या खाऱ्या हवेबरोबर हाही एक वाटेकरी. एकच वायू, लोखंडाचेच दोन ऑक्साइड, एक राखणारा आणि एक फोडणारा.

मामा: आणि तो वायू कुठवर शिरला हे कळतं का?

भाची: कळतं. ताजा छेद घ्यायचा आणि फिनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारायचा. जिथे गुलाबी होईल तिथे अजून पोचलेला नाही. रंग आला नाही तिथे पोचला. स्लॅबमध्ये सळईपर्यंत गुलाबी दिसावं अशी आमची इच्छा. तुमच्या गिलाव्यात उलट, गुलाबी दिसलं तर काम अजून कच्चं.

मामा: ती बाटली मला पाहिजे. नव्या गिलाव्यावरचं ओलं गोणपाट कधी काढायचं यावर माझ्या पोरांशी रोज वाद होतो. चुना एकदम सुकवला तर तो भुसभुशीत राहतो, त्याला वाळायला नाही, मुरायला ओल लागते, हे त्यांना पटत नाही.

भाची: पटेल. ओल नसेल तर कार्बन डायऑक्साइड विरघळणार कशात? आणि याच वायूचा आणखी एक हिशेब ऐका. जगभरात माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण 7 ते 8 टक्के सिमेंटचा आहे. त्यातला निम्म्याहून अधिक इंधनाचा नाही, चुनखडीतून सुटलेला आहे, ते मघाचे 44 ग्रॅम. तुमचा चुना ते बरेचसे परत घेतो. भट्टीच्या इंधनाचा धूर मात्र तुमच्याकडूनही परत येत नाही, हे विसरू नका.

मामा: नाही विसरत.

भाची: मग सुर्खीऐवजी राख का नाही घेत? चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राख. कोळशातली मातीच ती, भट्टीत वितळून झटकन थंड झालेली. तिच्यातली सिलिकाही विस्कटलेली. आम्ही सिमेंटमध्ये घालतो तीच. वीट भाजायला वेगळं इंधन जाळावं लागणार नाही.

मामा: वीट मी वाजवून घेतो. राख कशी वाजवू? कोळशातलं गंधक तिच्यात असेल, खार असेल. ते भिंतीत गेलं की लोणा मीच आणल्यासारखं होईल.

भाची: गंधक सल्फर ट्रायऑक्साइड म्हणून लिहितात, खार सोडियम ऑक्साइड आणि पोटॅशियम ऑक्साइड म्हणून. राखेच्या अहवालात तिन्ही ओळी असतात.

मामा: या कागदावर आहेत का?

भाची: आहेत, खालच्या बाजूला. तिन्ही जरा जास्तच दिसतात.

मामा: दाखव. हा खपला घेतला कुठून होता? जोत्याच्या वर हातभर, तिथूनच ना? तिथे ओल चढते, तिथलं मीठ जमिनीतून आलंय. जुन्या चुन्याचं म्हणून हे धरू नको. माडीच्या छताखाली, जिथे पावसाचं पाणी कधी लागलं नाही, तिथला तुकडा मी काढून देतो, तो पाठव. आणि राखेचाही कागद मागव. वापरेन असं म्हणत नाही, पण त्या तीन ओळी मला बघायच्या आहेत.